पुन्हा मांडलेलं घर

कलाकेंद्राच्या संचालकबाईंचा फोन आला तेव्हा तिने आधी नाहीच म्हटलं होतं. दिवसभर डबिंग स्टुडिओत दुसऱ्यांचे आवाज साफ करून तिचं डोकं आंबून गेलेलं असायचं. त्यात हे जुनं लचांड कोण गळ्यात घेणार? पण बाई चिकट निघाल्या. ते मांडणीशिल्प तिचं आणि तिच्या पूर्वीच्या नवऱ्याचं, दोघांचं होतं. पडदे त्याचे, आवाज तिचे, आणि दोघं आल्याशिवाय ते उभं राहणार नव्हतं. घटस्फोटाला सहा वर्षं झाली होती. बाईंना ते ठाऊक होतं, तरी त्या गोड बोलत राहिल्या. शेवटी वाद घालण्यापेक्षा होकार देणं सोपं वाटलं.

‘ऐकतोस ना?’ हे त्या कामाचं नाव. काळ्या रंगवलेल्या खोलीत तीन मोठे पडदे. एकावर तो पेपर वाचतोय, दुसऱ्यावर दाढी करतोय, तिसऱ्यावर खिडकीशी नुसता बसलाय. सगळीकडे पाठमोरा. बायको दिसतच नाही. तिचा फक्त आवाज येतो, भिंतींत लपवलेल्या स्पीकरमधून, कधी या कोपऱ्यातून तर कधी त्या. अरे, दूध बघ. नळ चालू राहिलाय का? ऐकतोस ना? तो एकदाही वळत नाही. नवं लग्न होतं तेव्हा. रेकॉर्डिंग करताना दोघांनाही हसू आवरत नव्हतं. बघणारेही आधी हसायचे, मग हळूहळू गप्प व्हायचे.

तो आला तो टक्कल आणि पोट घेऊनच.

“बरी आहेस?”

“आहे.”

“लेक काय म्हणते?”

“तुलाही फोन करत असेल की.”

“हल्ली मेसेजच करते.”

एवढं बोलून दोघं कामाला लागले. मदतीला केंद्राचा वायरमन होता, पिकल्या मिशांचा, मोजकं बोलणारा.

पडदे दुपारपर्यंत लागले. स्पीकर लावले आणि गाडी अडली.

“डावीकडचा बंद आहे,” खोलीच्या मधोमध उभा राहून तो म्हणाला. “सगळं उजवीकडूनच येतंय.”

“चालू आहे तो.”

“नाही येत मला.”

वायरमनने वायर बदलली. मग स्पीकर बदलला. मग गोदामातून दुसरा अँप्लिफायर उचलून आणला. हा आपला मधोमध उभा राहून एकच म्हणत होता, अजून नाही. तिचे पाय दुखायला लागले होते. सकाळपासून पोटात धड काही नव्हतं.

“माझ्याच कामात तुला नेमकी खोट कशी सापडते रे?” ती म्हणाली.

तो मान वर करून प्रोजेक्टरकडे बघत राहिला. शिडीवरून वायरमन हळूच म्हणाला, “ताई, वाजतोय की तो. अगदी स्वच्छ.”

तिने रेकॉर्डिंग बंद केलं. त्याच्या डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर जाऊन ती उभी राहिली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “चहा घेणार का?”

तो वरच बघत होता. तिने पुन्हा विचारलं. वायरमन नजर वळवून घट्ट बसलेला स्क्रू उगाच पिळत बसला.

खालच्या कँटीनमध्ये ती मुद्दाम त्याच्या उजव्या हाताला बसली.

“कधीपासून?”

काय विचारतेय ते त्याला लगेच कळलं. त्याने कप बशीत फिरवला. “वर्ष झालं असेल. सर्दी झाली होती. वाटलं, कानाला दडा बसलाय, जाईल.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवीन.”

“लेकीला सांगितलंस?”

“तिच्या जिवाला कशाला घोर?”

तिच्या मनात मात्र दुसरंच सुरू झालं होतं. लग्नाची शेवटची वर्षं. ती स्वयंपाकघरातून बोलत राहायची आणि हा हूं की चूं करायचा नाही. भिंतीशी बोलल्यासारखं. हे दुखणं तेव्हापासूनचं असेल तर? ज्यावरून संसार मोडला ते नुसतं कानाचं असेल तर?

“खरं सांग,” ती म्हणाली. “आपण एकत्र होतो तेव्हाही असंच होतं का?”

तो हो म्हणाला असता तर तिने विश्वास ठेवला असता, आणि हे त्यालाही कळत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “तेव्हा सगळं नीट ऐकू यायचं. उत्तर द्यायचा कंटाळा यायचा.”

तिला वाटलं रडू येईल, पण आलं नाही. उलट खांदे सैल पडले. इतकी वर्षं ती स्वतःलाच दोष देत आली होती. आपणच कटकट्या, आपणच तिळाचा ताड केला.

“बरं झालं सांगितलंस.”

“चिडली नाहीस?”

“चिडायलाही अंगात त्राण लागतं.”

तो हसला. तीही हसली, थोडीशी.

आवाजाची जुळवाजुळव मग तिने एकटीनेच केली. उद्घाटनाला गर्दी बरी होती. लोक पूर्वी हसायचे तिथेच हसले. ती मात्र दाराबाहेर बसून राहिली. आतला आपला तरुण आवाज तिला ऐकवत नव्हता. उत्तर येणारच, अशी खात्री होती त्या आवाजात.

पुढच्या आठवड्यात तीच त्याला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. वेळेत आला असतात तर काही करता आलं असतं, आता यंत्रच, असं त्यांनी सांगितलं. दवाखान्याच्या फाटकाशी उभं करून तिने त्याला लेकीला फोन लावायला लावला. लेक आधी रडली, मग दोघांवरही डाफरली.

यंत्र बसल्यावर त्याचा फोन आला. “भांड्यांचा आवाज केवढा येतो गं. डोकं उठतं नुसतं.”

“सवय होईल.”

“कधी?”

“मला काय माहीत?”

प्रदर्शन संपल्यावर सामान उतरवायला दोघं पुन्हा आले. बंद करण्याआधी त्याने आत बसून सगळं एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं.

“लांबलंय जरा,” बाहेर येऊन तो म्हणाला. “दाढीचा भाग कापायला हवा होता.”

“तेव्हाच म्हटलं होतं मी.”

“हो. ऐकलं होतं.”

वायरी गुंडाळता गुंडाळता प्रश्न आला, स्पीकर न्यायचे कुणी? दोघांच्याही घरी जागा नव्हती. “राहू द्या गोदामात, मी बघतो,” वायरमन म्हणाला, आणि दोघांनाही हायसं वाटलं. ती तशीच स्टुडिओत गेली. दुपारची पाळी होती.