शेंदराखालची नावे

मी परळचा एक दगड बोलतोय. माझे बोलणे जयवंत लिहून घेतो. त्याची शाळा लवकर सुटली, म्हणून कुठे ऱ्हस्वदीर्घ चुकले, शब्द साधेच वाटले, तर सांभाळून घ्या.

फार पूर्वी इथल्या लोकांनी मिळून एक तळे खोदले. ज्यांनी हातभार लावला ते विसरले जाऊ नयेत म्हणून मला घडवले. वर चंद्रसूर्य, खाली नावे. पुढे तळे बुजले, तिथे भात पिकला, मग गिरणी उभी राहिली. माझ्यावर कोणी कोयते घासले, कोणी लुगडी वाळवली. अक्षरे जुन्या वळणाची, कोणालाच लागत नव्हती.

यंदा गिरणीचा रस्ता रुंद करायचे ठरले. मुकादम म्हणाला, "याची खडी करा."

जयवंत त्याच गिरणीत कामाला. ती जुनी अक्षरे वाचता त्यालाही येईना, पण हा कोरलेला लेख आहे एवढे त्याला कळले. मला उचलून बाजूला चौथऱ्यावर ठेवावे म्हणून तो चाळीचाळीतून वर्गणी मागत फिरला. मान खाली घालून म्हणे, "जुना लेख आहे, वाचवू या."

"आमचं छप्पर गळतंय, ते वाचव आधी," लोक म्हणत.

शेवटी त्याच्या शेजारचा कुशाबा वैतागला. "दगडाला कोण देतो रे? देव म्हण."

जयवंत त्याच्या मागून निघाला. मग कुशाबाच दारोदार बोलला. सगळ्यांनी दिले, मुकादमानेही दिले. चौथरा झाला, वर पत्रा चढला. पहिल्याच शनिवारी मला शेंदूर लागला आणि दर शनिवारी थर वाढत गेला.

जयवंताने निरोप धाडला होता, म्हणून काल जुनी लिपी वाचणारे एक मास्तर गिरगावातून आले.

"लेख कुठे आहे?"

"शेंदराखाली," जयवंत पुटपुटला.

मास्तरांनी चाकू काढला. तशी सुभद्राबाई आडवी आली. तिचा मुलगा नुकताच तापातून उठला होता. "देवाला चाकू लावता, मास्तर?"

"बाई, खाली माणसांची नावं आहेत. ती जातील."

"जातील कुठं? देवापाशीच आहेत की."

लोक हसले. मास्तरांनी जयवंताकडे पाहिले. तो जमिनीकडे बघत होता. मास्तर निघून गेले.

माझा कोणावर राग नाही. यांनी मला वाचवले हे खरेच आहे. पण ज्यांच्यासाठी मी उभा आहे, त्यांना मी आता दाखवू शकत नाही.

आज शनिवार. सकाळी भोंग्याआधी जयवंत आला. सुभद्राबाईने वाटी पुढे केली. "घे बाबा, पहिला हात तुझा. तुझ्यामुळं देव राहिला."

त्याने शेंदरात बोट बुडवले. चंद्रसूर्याला लावले. मग नावांवरून ते ओळीओळीने, हळूहळू फिरवले. एकही खाच बोटाला लागली नाही. त्याने शेंदूर सारखा केला, हात जोडले आणि कामावर गेला.