नदीपलीकडचा बाक

"ताई, तुमचा म्हातारा पुन्हा फुटला," गेम तपासणारा टेस्टर खुर्ची ओढत म्हणाला. "लांबून झकास. जवळ गेलं की नुसते डाग."

"तसाच आहे तो."

"ते तुम्हाला ठाऊक. खेळणारा म्हणेल, चेहरा लोडच झाला नाही."

गेम इंप्रेशनिस्ट चित्रांच्या धर्तीवर करायचा ठरला, तेव्हा झाडं, पाणी, ऊन रंगवायचं काम तिच्याकडे आलं. संगणकातले ब्रश तिला गुळगुळीत वाटले. म्हणून तिने वडिलांकडून कागदांवर रंगाचे फटकारे मारून घेतले आणि स्कॅन केले. वडील शाळेत चित्रकला शिकवत. जन्मभर एकच धोशा: सावलीत काळा घालू नकोस, निळा घाल, आणि चित्र कळेना झालं तर दोन पावलं मागे हो. शेवटी शेवटी त्यांचा हात थरथरायचा. अखेरच्या कागदावर नऊच फटकारे होते. ते गेल्यावर तिने त्या नऊ फटकाऱ्यांतून नदीकाठच्या बाकावर बसलेला माणूस केला. कुणाला सांगितलं नाही.

दुपारी प्रमुखबाई येऊन गेल्या. "चेहरा दे, नाहीतर काढून टाक. आज संध्याकाळनंतर बदल नाहीत."

वडिलांचे फोटो होते की. तिने एक उघडून डोळे रेखले, नाक रेखलं. बाकावर कुणी परकाच येऊन बसला. तिने ते सगळं पुसलं. मग बाक पलीकडच्या काठावर नेला आणि नदीवरचा पूल काढून टाकला.

टेस्टरने काठाकाठाने फिरून पाहिलं. "आता नाही फुटत. पण त्याच्यापर्यंत पोचताही येत नाही हां."

"माहीत आहे."

गेम बाजारात आल्यावर तिने तो आईला दाखवला. बटणं चाचपडत आई पाण्यापाशी पोचली आणि थबकली.

"अगं, हे बसलेत ना तिथे?"

"हो."

"मग ने ना मला पलीकडे. पूल कुठाय?"

"नाहीये, आई. मीच काढला."

नाक टेकेल इतकी आई पडद्याकडे वाकली. तिथे निळ्या-करड्या ठिपक्यांखेरीज काही नव्हतं. जरा वेळाने ती उठली, खुर्ची दोन पावलं मागे सरकवली आणि पुन्हा बसली.