पान त्रेसष्ट

दाराच्या फटीतून आत्मारामने पाहिलं. दिशा टेबलाशी बसलेली होती. त्याने वहीत नऊच्या रकान्यात बरोबरची खूण केली आणि पुढे सही ठोकली. मुलीच्या अभ्यासावर सही करणारा बाप अलोऱ्यात दुसरा नसेल. पण तीस वर्षं पॉवरहाऊसमध्ये ऑपरेटर म्हणून दर तासाला मीटर वाचून लॉगशीट भरलेल्या माणसाला निवृत्तीनंतर दुसरं काय सुचणार?

मागच्या खेपेला दिशा सीएफएच्या पहिल्या परीक्षेत थोडक्यात हुकली. या गुंतवणुकीच्या परीक्षेला निदान तीनशे तास अभ्यास लागतो, असं क्लासवाले सांगत. आत्मारामने तेवढंच धरून ठेवलं. "तास कमी पडले गो तुझे. ह्या टायमाला मी भरून घेतो," तो म्हणाला. दिशा मुंबईची नोकरी सोडून घरी आली आणि त्याच दिवशी वही सुरू झाली. आता दोनशे ब्याण्णव झाले होते. परीक्षा आठवड्यावर होती.

"पोर धड जेवत नाय," त्याची बायको कमळा स्वयंपाकघरातून म्हणाली. "चाय पण तशीच ऱ्हाते, साय धरून."

"परीक्षा झाली की जेवंल. तास भरतायत ना?"

तास भरत होते. एकही रकाना रिकामा नव्हता, आणि त्याला त्याचा अभिमान वाटायचा.

थोड्या वेळाने दिशा आंघोळीला गेली, तसा तो टेबल पुसायला आत शिरला. पुस्तक उघडंच होतं. पान त्रेसष्ट, मधोमध फूटपट्टी. त्याचा हात थबकला. रविवारी टेबल पुसताना हीच पट्टी त्याने याच पानावरून उचलली होती. बुधवारीसुद्धा. समासात पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या, वरपासून खालपर्यंत, शेकड्यांनी.

त्याला काम शिकवणारा महिपत म्हणायचा, मीटरचा काटा थरथरतोय तोवर घाबरू नको. तासन्‌तास एकाच जागी दिसला तर धावत जा.

दिशा ओल्या केसांनी आली, त्याच्याकडे न बघता खुर्चीत बसली आणि तिने नजर पानावर ठेवली.

"बाय, ह्या रेघा कसल्या गो?"

"तुम्ही दाराशी येता ना बाबा, तेव्हा एक मारते."

आवाजात राग नव्हता. त्याचीच त्याला भीती वाटली.

"मग वाचतंस कधी?"

"अक्षरं दिसतात. आत काही जात नाही. गणपतीपासून असंच आहे."

"बोलली का नायस?"

"खूण केलीत की तुम्हाला बरं वाटायचं."

त्याने पट्टी काढली आणि पुस्तक मिटलं. "जा, आईकडे जाऊन पड जरा."

ती उठली, पण दाराशी घुटमळली. "तीनशेला आठ राहिलेत, बाबा."

"ऱ्हाऊंदेत."

स्वयंपाकघरात कमळाने काहीतरी विचारलं. दिशाचं उत्तर ऐकू आलं नाही. आत्माराम पडवीत येऊन वही उघडून बसला. पॉवरहाऊसमध्ये मशीन बंद केलं की लॉगशीटवर वेळ, कारण आणि सही लागते. त्याने वेळ लिहिली, नऊ चाळीस. कारणापाशी पेन बराच वेळ थांबलं. मग त्याने 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं आणि खाली सही केली.