अर्ध्या किलोचा घोळ

आधी तो वरचा पट्टा जरा सैल करा. हां, आता श्वास घेता येतोय. मी सॅक बोलतेय. पाठीवर टाकून डोंगरात न्यायची मोठी सॅक. माझा रंग एकेकाळी निळा होता. आता तो कोणता आहे, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे चाळीस मशिनं एकदम घरघरायची. एका बाईने माझी पाठ शिवली, दुसरीने कप्पे, तिसरीने पट्टे. डावा पट्टा शिवताना त्या तिसऱ्या बाई शेजारणीला आपल्या जावेची गाऱ्हाणी सांगत होत्या, त्यामुळे तो जन्मतःच कच्चा राहिला. पुढे मला जे काही भोगावं लागलं, ते त्या जावेमुळे.

माझे मालक वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातला काटा असो की वखारीतला, बिघडला की त्यांच्या टेबलावर येतो. आयुष्यात त्यांनी एका ग्रॅमची लबाडी केली नाही आणि दुसऱ्याची चालवून घेतली नाही. असा माणूस नवरा म्हणून कसा असेल, ते त्यांच्या बायकोला विचारा. चहात साखर अंदाजे पडली तरी त्यांचा चेहरा उतरतो.

तरुणपणी आम्ही खूप हिंडलो. मालक, त्यांचे शाळेतले दोन मित्र आणि मी. मग संसार वाढले, मित्रांची पोटं वाढली, आणि मी माळ्यावर गेले. मालकीणबाई घरी पडदे शिवतात. उरलेल्या चिंध्या माझ्या पोटात कोंबल्या गेल्या. नऊ वर्षं! त्या नऊ वर्षांत माझ्यात एका मांजरीची दोन बाळंतपणं झाली. मी तक्रार केली नाही, पण शहाणं सामान अशा गोष्टी विसरत नाही.

गेल्या वर्षी मालकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता हे घरीच बसणार, असं मी धरून चालले होते. तर एके दिवशी दोन्ही मित्र घरी येऊन बसले आणि म्हणाले, “पाच दिवस डोंगरात. पुन्हा एकदा. आहे का तयारी?”

मालक उडालेच. मालकीणबाईंनी मशीन थांबवलं.

“पहिल्या दिवसाची चढण कितीची?”

“चार तासांची,” एक मित्र म्हणाला. हे भूगोलाचे मास्तर. नकाशा घेतल्याशिवाय ते भाजी आणायलाही जात नाहीत.

“मग माझी अट ऐका. पहिल्या दिवशी ह्यांनी दहा किलो पाठीवर घेऊन वरच्या झोपडीपर्यंत चढायचं. कुणाची मदत घ्यायची नाही. जमलं तर पुढे जा. नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मुकाट्याने घरी.”

“दिला शब्द,” मालक म्हणाले.

आणि शब्द दिला म्हणजे दिला. मला माळ्यावरून काढलं, झटकलं, उन्हात टाकलं. मालकीणबाईंनी माझा डावा पट्टा मेणाच्या दोऱ्याने असा शिवला की मला पुन्हा जन्मल्यासारखं वाटलं. पण एक मात्र मी ओळखून होते. मालक पहिल्याच दिवशी परत फिरले, तर माझं ठिकाण ठरलेलं होतं. माळा, चिंध्या आणि ती मांजर.

आदल्या संध्याकाळी मालकांनी मला काट्यावर चढवलं. दहा किलो. ना एक ग्रॅम इकडे, ना तिकडे. सकाळी ते दाढी करत असताना मालकीणबाई सुई घेऊन माझ्यापाशी आल्या. “अहो, हिच्या तळाची शिवण उसवतेय, दोन टाके घालते,” असं ओरडून सांगितलं आणि आपलं काम उरकलं. माझी शिवण उसवत नव्हती. पण मला विचारतंय कोण!

डोंगराच्या पायथ्याशी आम्ही उतरलो तेव्हा दुसरा मित्र आधीच खात होता. हे बेकरीवाले. शाळेत वर्गात सगळ्यांत हलके होते म्हणून त्यांना ‘पावशेर’ म्हणायचे. आज शंभर किलोचे आहेत, पण नाव तेच.

पहिला तास बरा गेला. मास्तरांनी दोनदा वाट चुकवली आणि दोन्ही वेळा नकाशावर खापर फोडलं. मालक मात्र मुकाट चढत होते. पाठीला पाठ लावून असल्यामुळे मला त्यांची धडधड ऐकू येत होती. गुडघा वाकला की आतून बारीक कळ उठायची आणि ते “हं” म्हणायचे. दर दहा पावलांना एक “हं”.

ओढ्यापाशी आम्ही थांबलो. मालक तोंड धुवायला खाली उतरले आणि लगेच या दोघांची कुजबुज सुरू झाली.

“ऐकलंस ना? ‘हं’ म्हणतोय,” मास्तर म्हणाले.

“ऐकलं. असा तो वर पोचत नाही.”

“आणि तो परत गेला तर आपण दोघंच? तुझं घोरणं मी एकट्याने ऐकू?”

“काढ काहीतरी जड.”

मास्तरांनी माझं तोंड उघडलं, दोन किलो बटाट्यांची पिशवी काढली आणि स्वतःच्या सॅकमध्ये कोंबली. मी काय करणार? मला ओरडता येतं का? नुसती पडून राहिले.

मालक आले, त्यांनी मला उचललं आणि क्षणभर थांबले. त्या हातांनी तीस वर्षं वजनं तोललेली. त्यांना कळणार नाही? पण ते मला पाठीवर घेऊन चालू लागले. “हं” मात्र बंद झालं, कारण आता ते दात ओठ खात होते.

तासाभराने एक मोठा खडक आला. मास्तर वाट शोधायला पुढे गेले. पावशेर झाडाच्या सावलीत आडवे झाले आणि झोपले. मालकांनी खिशातून छोटा लटकवायचा काटा काढला, मला त्याला अडकवलं. साडेआठ किलो.

“दीड किलो चोरलं काय रे गाढवांनो,” ते पुटपुटले. “मला फुकट पास करताय?”

मग त्यांनी हिशेब मांडला. एक टप्पा दीड किलो कमी वाहिलं. आता कमी पडलेलं दीड भरायचं, आणि मागच्या टप्प्याचं म्हणून आणखी दीड वर घ्यायचं. म्हणजे सरासरी दहा किलो, आणि शब्दही शाबूत. असा विचार फक्त काटे दुरुस्त करणारा माणूसच करू शकतो. दुसरा कुणी असता तर हलक्या पाठीने शीळ घालत गेला असता.

पावशेरच्या सॅकमधून त्यांनी लोखंडी तवा आणि जॅमचा डबा काढला, काट्यावर तोलला, माझ्यात भरला. तीन किलो. माझ्या डाव्या पट्ट्याने करकर असा आवाज केला. मी मालकीणबाईंच्या टाक्यांची आठवण काढली आणि धीर धरला.

पुढची चढण कशी गेली ते आम्हा दोघांनाच ठाऊक. आता दर पाच पावलांना “हं”. मालकांचा घाम माझ्या पाठीतून आत झिरपत होता. पावशेर मात्र उठल्यापासून टुणटुण चालत होते.

“बघा, बघा! चढताना माझ्या अंगात ताकद येते. लहानपणापासून आहे ते,” ते म्हणाले.

मास्तर बटाट्यांखाली वाकले होते.

ऊन उतरायच्या आत आम्ही वरच्या दगडी झोपडीत पोचलो. मालकांनी मला भिंतीला टेकवलं, स्वतः टेकले, आणि गुडघ्यावर हात ठेवून लहान मुलासारखे हसले. मला भरून आलं. आत आणखी काही भरायला जागा नव्हती, तरी आलं.

मग पावशेरना भूक लागली.

“माझा तवा कुठाय? मास्तर, तू वाट चुकवलीस तेव्हा पडला असणार!”

“तुझा तवा मी का पाडीन?”

“तवा माझ्याकडे आहे,” मालक शांतपणे म्हणाले. “जॅमसुद्धा. आणि माझे बटाटे तुमच्यापैकी कुणाकडे आहेत ते आधी सांगा.”

मग मास्तरांनी खाली मान घालून बटाटे काढले. शाळेत त्यांच्यापुढे पोरं जशी उभी राहत, तसेच उभे होते.

“दीड किलो काढलंत तुम्ही,” मालक म्हणाले.

“दीड नाही, दोन. पिशवीवर लिहिलंय, दोन किलो.”

“शक्य नाही. खडकापाशी मी तोललं. माझा काटा चुकत नाही.”

“मग बटाटे खोटं बोलतात का?”

बटाटे तोलले. दोन किलो. मालकांचा चेहरा पांढरा पडला. तीस वर्षांत त्यांच्या काट्याने त्यांना दगा दिला नव्हता. गुडघ्यापेक्षा त्यांना हे जास्त दुखलं. शिवाय दिलेला शब्दही आता डळमळला. काटाच खोटा, तर दहा किलो खरे कशावरून?

झोपडीमागे एका दगडावर उभं राहिलं की फोन लागायचा. मला हातात घेऊन ते तिथे गेले. दोघे मागे मागे आले.

“अगं, पोचलो,” मालक म्हणाले. “पण खरं सांगतो. वाटेत ह्यांनी बटाटे काढून घेतले. एक टप्पा मी हलका चाललो. पुढच्यात भरून काढलं, पण अर्ध्या किलोचा घोळ आहे. कुठला ते सापडत नाही. तू म्हणशील तर सकाळी गाडी पकडतो.”

पलीकडे मालकीणबाई इतक्या हसल्या की मलाही ऐकू आलं.

“अहो, तुमचा काटा बरोबर आहे. निकाल मी सकाळीच लावून ठेवलाय. सॅकच्या तळाची शिवण उसवा.”

घ्या! मी दिवसभर हेच सांगायला तडफडत होते.

पावशेरनी पाव कापायची दातेरी सुरी आणली. तो प्रसंग मी विसरायचा ठरवलाय. शिवण उसवली आणि पडद्याच्या कापडाच्या चार छोट्या पिशव्या बाहेर पडल्या. आत भाजलेले शेंगदाणे. प्रत्येक पिशवीवर धाग्याने एक आकडा भरलेला. दोन. तीन. चार. पाच.

“एक नंबरची कुठाय?” मास्तरांनी विचारलं.

“मी खाल्ली नाही!” पावशेर म्हणाले.

“एक नंबरची नाहीच,” मालक म्हणाले. “पहिला दिवस परीक्षेचा होता. ह्या पुढच्या चार दिवसांच्या आहेत.”

त्यांनी चारही पिशव्या काट्याला लावल्या. बरोबर अर्धा किलो.

“अगं, तोलून भरलेस?” त्यांनी फोनवर विचारलं.

“छे. अंदाजे,” मालकीणबाई म्हणाल्या.

मालकांनी काट्यावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग फोनवर हळूच म्हणाले, “परत आलो की चहात साखर तूच घाल.”

आता दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे. माझा तळ मालकांनी स्वतःच शिवलाय. टाके वेडेवाकडे आहेत, पण त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. दोन नंबरची पिशवी वरच्या कप्प्यात आहे आणि पावशेर तिच्यावर डोळा ठेवून आहेत. मास्तर नकाशा उलटा धरून वाट दाखवतायत. निघायला हवं.

जाता जाता एवढंच सांगते. तुमच्याही माळ्यावर माझी एखादी बहीण पडली असेल, तर तिला खाली काढा. झटका, उन्हात टाका. आणि निघायच्या आधी तिचा तळ एकदा हाताने चाचपून बघा.