त्र्यंबकचा दांडा आणि नंदाचं लाटणं

त्र्याण्णव सालच्या दसऱ्याला माजिवड्याच्या नाक्यावर ही गर्दी लोटली! रिक्षावाले धंदा सोडून उभे, बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. कशासाठी? तर एक गाडी लिंबू चिरडणार होती. अहो, दसऱ्याला चाकाखाली लिंबू सगळेच ठेवतात. पण ही गाडी म्हणे आपली आपण चालणार होती.

डॉक्टर मंजुळाबाईंच्या जपानी गाडीत त्र्यंबक मेकॅनिक कपाळभर गुलाल फासून बसला होता. शेजारी गिअरचा नवाकोरा दांडा, पितळी मुठीचा, बुडाशी लाल दोरा बांधलेला.

"एकवीस दिवस देवीपुढे ठेवलाय!" त्र्यंबक गरजला. "या गाडीला क्लच नाय, अॅक्सिलेटरवर पाय नाय! बघा, बघून घ्या!" त्यानं दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, हात खिडकीबाहेर काढले. "चल गं माये!"

इंजिन घुमत होतं. गाडी हळूच सरकली आणि लिंबू फचकन फुटलं. लोकांनी हात जोडले.

आणि हात जोडणारे कोण? पंधरा-पंधरा वर्षं गाड्या हाकलेले ड्रायव्हर! क्लच सोडून अॅक्सिलेटर दिला नाही की गाडी आचके देऊन बंद पडते, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. म्हणूनच ते पक्के फसले. ज्यानं कधी गाडीच चालवली नाही, त्यानं कदाचित विचारलं तरी असतं, ही चालली कशी?

गर्दीच्या मागे काळुराम मेकॅनिक उभा होता. त्याच्या अंगाची नुसती लाहीलाही होत होती. तो नि त्र्यंबक एकाच उस्तादाच्या हाताखाली शिकलेले. ही गाडी चार वर्षं काळुरामच्या गॅरेजात यायची, आणि आता हार कोणाच्या गळ्यात? त्र्यंबकच्या! पाना धरायची अक्कल नाही मेल्याला, असं तो स्वतःशीच पुटपुटला. तेही खोटंच होतं. त्र्यंबकचा हात चांगला होता, हेच तर काळुरामला खुपायचं.

"बाई, गाडी झटके देते म्हणालात ना?" त्र्यंबक आता डॉक्टरबाईंना सांगत होता. "अकरा दिवसांत झटके बंद. आणि गिअरबॉक्सचं तेल बदलायचं नाव काढू नका. दांड्यातनं तेज आत उतरतं, तेल कशाला लागतंय?"

काळुरामला कळत होतं. झटके म्हणजे तेल संपत आलेलं, जळलेलं. असंच चालवलं तर गिअरबॉक्स कायमचा बसणार, आणि त्याचे पार्ट इथे कुठे मिळणार? डॉक्टरबाईंचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. क्लचची गाडी त्यांना चालवता येत नव्हती. भावानं सिंगापूरहून धाडलेल्या या एका गाडीवर त्या कोलशेतपासून मोहन्यापर्यंत पेशंट बघत फिरायच्या.

आणि तरी काळुरामच्या मनात आलं, जळू दे! जळू दे गिअरबॉक्स, मग बसेल त्र्यंबक तोंड लपवून.

तो तणतणत घरी गेला. त्याची बायको नंदा पुऱ्या लाटत होती.

"तुम्ही जळता त्याच्यावर," ती म्हणाली. "सगळं गाव बोलतं."

"जळतो! काय करू? आटोमॅटिक गाडी असते तशी. इंजिन चालू, दांडा मागे ओढून चालायच्या खुणेवर, ब्रेक सोडला की ती आपोआप सरकतेच. कंपनीनंच बनवलीय तशी."

"मग हे चार वर्षांत कुणाला का नाय सांगितलंत? बाईंची गाडी आली की शटर पाडून बसायचात. दुसरा कुणी शिकेल म्हणून!"

बायकोनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं होतं. सगळ्यांना अंधारात त्यानंच ठेवलं होतं, त्र्यंबकनं त्या अंधारात फक्त दुकान मांडलं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं नंदाच्या हातातून लाटणं ओढलं आणि धावत सुटला.

"अहो, पुऱ्या राहिल्यात!" ती ओरडली.

नाक्यावर येऊन तो थेट डॉक्टरबाईंपुढे उभा राहिला. "बाई, पाच मिनिटं द्या. गाडी तुमची आहे."

"आला जळकुकडा!" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "बघू तरी," त्या म्हणाल्या.

काळुरामनं दोन स्क्रू काढून पितळी मुठीचा दांडा लाल दोऱ्यासकट उपसला आणि बाईंच्या हातात दिला. खालच्या उघड्या सळईला टेप गुंडाळून लाटणं बांधलं. चाकापुढे नवं लिंबू ठेवलं. आत बसून इंजिन चालू केलं, ब्रेकवर पाय ठेवून लाटणं मागे ओढलं. मग पाय वर घेतले, हात बाहेर काढले. मंत्र नाही, गुलाल नाही.

गाडी सरकली. लिंबू फचकन फुटलं.

"आयला! लाटण्यात पण देवी आली का?" एक रिक्षावाला म्हणाला, आणि हशा उसळला. त्र्यंबकचं तोंड उतरलं.

काळुरामनं बॉनेट उघडून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, पांढऱ्या रुमालावर पुसली. रुमाल काळाकुट्ट झाला. "हे तेल लाल हवं. वास घ्या." बाईंनी नाक मुरडलं. करपल्याचा वास होता.

"आजच बदला," त्या म्हणाल्या. मग हातातला दांडा पुढे केला. "आणि ह्याचं काय करू? फेकून देऊ?"

सगळं गाव ऐकत होतं. 'फेका' म्हणायला काळुरामची जीभ शिवशिवली. पण ते खोटं झालं असतं.

"काम सुबक आहे," तो दात आवळून म्हणाला. "हाताला बरा वाटत असेल, दिसायला आवडत असेल तर ठेवा. पण गाडी त्यानं जोरात पळणार नाही, झटके थांबणार नाहीत, तेल वाचणार नाही. कुठला गिअर टाकायचा ते ही गाडी आत आपलं आपण ठरवते. वर कोणी काय धरलंय, तिला पत्ताही नसतो."

"तू जळतोस म्हणून बोलतोस!" त्र्यंबक ओरडला.

"हो, जळतो," काळुराम लोकांकडे वळला. "आतासुद्धा जळतोय. म्हणून माझ्यावरही विश्वास ठेवू नका. बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त दांडा बदला, आणि लिंबू फुटतं का ते ज्यानं त्यानं स्वतः बसून बघा. चला, पहिला कोण येतो?"