मेलेल्या अर्थाची कट्यार

एनॉक थर्लबी आले ते चिखलाचे बूट दाराबाहेर काढून. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत बावीस वर्षांत नुसत्या मोज्यांवर कोणी आलं नव्हतं. बसा म्हटलं तर बसेनात. खिडकी, कपाट, परत खिडकी.

"साहेब, 'बूअर' म्हणजे काय हो?"

"असभ्य माणूस. चारचौघांत कसं वागावं हे न कळणारा."

"तेच लिहिलंय आमच्या चर्चच्या पाद्रीणबाईंनी." त्यांनी खिशातून चुरगळलेलं पत्र काढलं.

लिंकनशरमधल्या त्यांच्या गावात दर ऑगस्टला भाज्यांचं प्रदर्शन भरतं. भोपळ्यांचे परीक्षक एकतीस वर्षं थर्लबीच. यंदा तयारीच्या बैठकीत पाद्रीणबाईंनी स्वतः केलेला केक वाढून विचारलं, "केक कसा झालाय?" थर्लबी म्हणाले, "कोरडा." आम्हा इंग्रजांत हा प्रश्न उत्तरासाठी विचारत नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परीक्षकपद गेलं.

"छान होता म्हणा आणि मिटवून टाका," मी सुचवलं.

"अन् उद्या मी पहिला नंबर दिलेल्या भोपळ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

 मी छपाईच्या तयारीतलं 'बूअर'चं पान पुढे सरकवलं. शब्द आला डच लोकांकडून, मूळ अर्थ नुसता शेतकरी. त्याची शिवी पुढे शहरवाल्यांनी केली.

"मग मी आहेच की बूअर!" थर्लबी पहिल्यांदाच खुर्चीवर टेकले. लगेच उठले. "शेतकऱ्यापुढे ही कट्यार कसली काढलीय?"

"शब्दकोशातली खूण आहे ती. म्हणजे हा अर्थ मेला, आता कोणी वापरत नाही."

"मेला? मग तुमच्यापुढे हा उभाय तो कोण?"

"तुम्ही असून भागत नाही. शब्द त्या अर्थाने वापरल्याचा छापील पुरावा लागतो, आणि तोही पाच वेगवेगळ्या माणसांचा. पंधरा दिवसांनी पान छापायला जाईल."

ते पुन्हा खिडकीशी गेले. मी चहा दिला, तो त्यांनी उभ्यानेच प्यायला. सवयीने विचारून बसलो, "चहा कसा वाटला?"

"पाणचट," म्हणाले आणि बूट घालून गेले.

त्यानंतर मी दिवसातून तीन वेळा टपालाची पेटी उघडू लागलो. दोनदा तर टपाल येण्याच्या आधीच. सहकाऱ्यांनी काही विचारलं नाही. ते सभ्य आहेत.

तेराव्या दिवशी थर्लबींच्या गावच्या चर्चचं मासिक आलं. पहिल्याच पानावर निवेदन होतं. "केक कोरडा होता. एनॉक थर्लबी, बूअर." त्याखाली, "थर्लबी परत येईपर्यंत माझे भोपळे प्रदर्शनात येणार नाहीत. जॉब स्केल्टन, बूअर." खाली आणखी तीन बूअर, आणखी तीन बहिष्कार.

मी मोजले. पाच. पान काढलं आणि कट्यार खोडली.

मग मासिक उलटून मागची, छापता छापता बदललेली जाहिरात वाचली. भाज्यांचं प्रदर्शन, शनिवार, दुपारी दोन. भोपळ्यांचे परीक्षक: एनॉक थर्लबी. चहाबरोबर यंदा विकतची बिस्किटं मिळतील.