दोन्ही वाटा

पडद्यावरचे बायकोचे हात अचानक विरघळल्यासारखे झाले. सुतारमास्तरांनी खुर्ची पुढे ओढली आणि ‘पुन्हा सांग’ अशी खूण केली. पुन्हाही तेच. चेहरा दिसत होता, पण हातांच्या जागी नुसते करडे ठिपके. टेबलावर फोन वाजत होता. खोलीतल्या दोघांपैकी तो फक्त फोनताईंना ऐकू येत होता.

ही कर्णबधिर मुलांची शाळा. फोनताई इथल्या कारकून. बावीस वर्षं शाळेचे सगळे फोन त्याच घेत, म्हणून हे नाव पडलेलं. सुतारमास्तर मुलांना लाकूडकाम शिकवत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बायकोलाही नाही. तिला आठवड्यापूर्वी मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवलं होतं, गाडीने दीड दिवसाच्या अंतरावर. सोबत तिची धाकटी बहीण होती. हृदयाचं ऑपरेशन सोमवारी व्हायचं होतं आणि मास्तर आज संध्याकाळी निघणार होते. पण सकाळी तिची तब्येत ढासळली, आणि डॉक्टरांनी दुपारीच ऑपरेशन करायचं ठरवलं. तिनं कागदावर लिहून दिलं : आधी नवऱ्याशी बोलणार, मग सही.

इस्पितळात होतं तसं समोरासमोर चित्र दाखवणारं यंत्र शाळेतही होतं, म्हणून बरं. ते आयएसडीएन नावाच्या टेलिफोनच्या तारेवर चाले. तार एकच, पण तिच्यात दोन वाटा. दोन्ही चित्राला मिळाल्या की बोटन् बोट दिसे. मात्र ऑफिसला फोन आला की मोडेम आपणहून एक वाट फोनला देऊन टाकी, आणि उरलेल्या एकीवर चित्र लंगडू लागे. ऐकणाऱ्यांचं त्यावर भागलं असतं. हातांनी बोलणाऱ्यांचं कसं भागणार?

फोनताईंनी फोन उचलून लगेच ठेवला. चित्र सावरलं. मिनिटभराने फोन पुन्हा वाजला, हात पुन्हा गेले. पडद्यावर नर्सने घड्याळाकडे बोट दाखवलं.

मोडेमची ही खोड बंद करता येते, हे फोनताईंना ठाऊक होतं. यंत्र बसवणारा इंजिनिअर ‘ताई, तुम्ही याला हात लावू नका’ म्हणून गेला होता. त्या दिवसापासून त्यांनी शब्दकोश शेजारी ठेवून यंत्राचं जाडजूड इंग्रजी पुस्तक पानापानाने वाचून काढलं होतं. पण बदल करायचा तर जोडणी तोडायला हवी होती. पुन्हा लागली नाही तर?

त्यांनी मास्तरांच्या खांद्याला हात लावला आणि खुणेनं सांगितलं : तोडते. परत जोडते. मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

पडदा काळा झाला. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात आले. संचालकांचा फोन यायचा होता, नव्या वर्गाच्या मंजुरीचा. तो लागत कसा नाही, असं त्यांनी विचारलं.

“अर्धा तास लागणारच नाही, सर. दोन्ही वाटा मी चित्राला दिल्यात.”

“कुणाला विचारून?”

“कुणालाच नाही. तसं लिहून देते.”

बोलताना त्यांची बोटं कीबोर्डवरच होती. मुख्याध्यापक म्हणाले की याचे परिणाम होतील. फोनताईंनी नंबर फिरवला. मोडेमवर पहिल्या वाटेचा दिवा लागला. दुसरा लुकलुकत राहिला, विझला, आणि मग लागला. पडद्यावर हात आले, नखांपर्यंत स्वच्छ. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं, आणि दार ओढून घेऊन ते निघून गेले.

फोनताईंनी पाठ फिरवली. या भाषेत चोरून ऐकणं डोळ्यांनीच होतं. वीस मिनिटं त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. मागून मास्तरांच्या बाह्यांची सळसळ तेवढी येत होती. एकदा ते हसलेसुद्धा.

तिनं सही केली. ऑपरेशन झालं. मास्तर पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, आणि तिसऱ्या दिवशी गेली.

वर्गाची मंजुरी ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी टपालाने आली. फोनताईंना मात्र लेखी ताकीद मिळाली, बावीस वर्षांतली पहिली. ती त्यांनी स्वतःच नोंदवून फाइलला लावली.

पंधरा दिवसांनी मास्तर कामावर आले, ते आधी ऑफिसात. फोनताईंनी काही विचारलं नव्हतं, तरी समोर बसून ते सांगू लागले. त्या वीस मिनिटांत विशेष असं काही नव्हतंच. शेजारच्यांची शिडी परत कर, दुधाचा रतीब कमी कर, शर्ट कालचाच दिसतोय. शेवटी तिनं विचारलं, घाबरलास का? हातांच्या भाषेत अहो-जाहो नसतं. मास्तर म्हणाले, नाही. ती हसली. म्हणाली, तुझ्या हातांना खोटं बोलता येत नाही.

एवढं सांगून मास्तरांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.